डिलियाने वाटलेली कबर

डिलिया,

नवे फादर परवा घरी आले, चहाबरोबर माझा अर्धा केक संपवला आणि म्हणाले, "ऊनाबाई, चर्चच्या वार्षिक अंकासाठी डिलियावर दोन पानं लिहून द्या. फार साध्वी बाई होती म्हणे." मी म्हटलं, साध्वी कसली, पक्की थापाडी होती, पण पानं देते.

तुझ्याशी बोलल्यासारखंच लिहावं म्हणून बसले, पण ते जमायचं नाही. जिवंतपणी तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, आता तरी कशी देशील? तेव्हा तू तिकडे खिडकीजवळच्या खुर्चीवर बस, हाताची घडी घाल आणि ऐक. इथून पुढे तुला मी 'ती' म्हणणार. मध्येच एक ऊना मास्तरीण येईल, तिलाही तिसरंच कुणी समज. आपल्याबद्दल खरं लिहायचं तर जरा लांब उभं राहिलेलं बरं.

तर ऐक.

किलक्रीव्हनच्या फादरांच्या घरी डिलिया टॅनियन आली ती आठ दिवसांसाठी. आधीची स्वयंपाकीणबाई अंगणात घसरून कंबर मोडून बसली होती म्हणून. ती बाई पुढे खडखडीत बरी झाली, लग्न करून लिमरिकला गेली, आणि डिलिया राहिली ती राहिलीच. फादर आले, फादर गेले. प्रत्येकाला वाटे, हे घर आपलं आहे. डिलिया तसं वाटू देई.

शेवटचे फादर लोहन. त्यांना जगात दोनच गोष्टी आवडत, रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यती आणि शांतता. उन्हाळा लागला की दोन्हींवर गदा येई. कारण उन्हाळ्यात पूर्वजांच्या शोधात यँक येत. जे एक ट्रंक घेऊन इथून अमेरिकेला गेले त्यांची नातवंडं-पतवंडं कॅमेरे घेऊन परत येत आणि दाराची घंटा वाजवत.

"डिलिया! यँक आलेत!" एवढं ओरडून फादर मागच्या दाराने आजाऱ्याची विचारपूस करायला निघून जात. आजारी बहुतेक वेळा घोडा असे.

पुढच्या खोलीतल्या कपाटात शेरीची बाटली, बिशपसाहेबांसाठी राखून ठेवलेल्या कपबशा आणि त्यांच्या मागे दीडशे वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नि लग्नांच्या वह्या होत्या. किल्ली डिलियाच्या एप्रनच्या खिशात. पण पाहुण्याला ती लगेच वह्यांपाशी नेत नसे. आधी स्वयंपाकघरात बसवायची, चहा ओतायची, सोड्याचा पाव कापायची आणि उलटतपासणी सुरू करायची.

"तुमच्याकडे भांडण झालं की माणसं ताटं फेकतात की अबोला धरतात?"

"म्हणजे... कळलं नाही."

"फाही आडनावाची इथे दोन घराणी. ताटं फेकणारे टेकडीवरचे. अबोला धरणारे नदीकाठचे. एवढं सांगा, म्हणजे मला सगळ्या वह्या उपसायला नकोत."

हसू नका, इथे दुसरा उपायही नव्हता. किलक्रीव्हनमध्ये पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. हा नेम मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे एका पॅट्रिक फाहीला चार मुलगे झाले की पुढच्या पिढीत चार घरांत चार पॅट्रिक, आणि चार बहिणींची आई ऑनोरा असली की चार घरांत चार ऑनोरा. गावात काही अडत नसे. तांबडा पॅट, टेकडीवरचा पॅट, शिंप्याचा पॅट, आणि ज्याला बैलाने उडवला तो पॅट. पण त्या वेळचे फादर वहीत लॅटिनमध्ये नुसतं 'पॅट्रिक' लिहून मोकळे होत. बैलाचा उल्लेख नाही.

"वहीत काय कळतं?" डिलिया म्हणायची. "डोक्यावर पाणी पडलं एवढंच."

सरकारी दप्तराचं काम ऊना मास्तरणीकडे. ती कॉलेजात शिकलेली, तिच्याकडे गाडी होती, आणि तिला शनिवारी दुसरं काही काम नसे. ती मूळची कॉर्कची; इथल्या शाळेत शिकवता शिकवता केस पांढरे झाले तरी गावाच्या लेखी पाहुणीच. बाजाराच्या गावी, लॉकरेला, जन्म-मृत्यूच्या कचेरीत जाऊन ती नोंदी उतरवून आणायची आणि डिलियाकडे येऊन संतापायची.

"हे बघ! हा पोरगा मार्चच्या तीन तारखेला बाप्तिस्मा घेतो आणि वीस तारखेला जन्मतो!"

"मग? जन्माची नोंद उशिरा केली की दंड होता. तारीख पुढे ढकलली की दंड नाही."

"अगं, पण खोटं आहे ना ते!"

"दंड कुणी भरायचा होता, तुझ्या बापाने?"

म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं तर विचारूच नका. सरकारने ते सुरू केलं तेव्हा वयाची सत्तरी पुरी असावी लागे, आणि बहुतेक म्हाताऱ्यांकडे जन्माचा कागद नव्हता. मग साहेब विचारी, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? ते वादळ सत्तर वर्षांपूर्वीचं. डिलियाची आजी सबीना टॅनियन साहेबापुढे बसली आणि म्हणाली, "आठवते म्हणजे काय! हातात बटाटा धरून खात होते, छप्पर उडालं तरी बटाटा सोडला नाही." साहेबाने लगेच सही केली. सबीनाचा बाप्तिस्मा त्या वादळानंतर दहा वर्षांनी झाला होता. ती वही त्या क्षणीही फादरांच्या कपाटात होती, आणि गावात कुणी ताकास तूर लागू दिली नाही, कारण त्या आठवड्यात सगळ्याच म्हाताऱ्यांनी तो बटाटा खाल्ला होता.

अशा गावात लोरेन किलगॅनन आली. मिलवॉकीची, उंचनिंच, गुलाबी रेनकोटातली. आजीला मरताना शब्द दिला होता म्हणे, तुझ्या आईच्या कबरीवर जाऊन उभी राहीन. आजी सतराव्या वर्षी इथून गेली ती परतली नाही. तिची आई ऑनोरा फाही. ऊनाने सरकारी दप्तरातून मृत्यूची नोंद काढून दिली: शेतकऱ्याची विधवा, मुक्काम किलक्रीव्हन. पण पुरलं कुठे? ते ना सरकारी वहीत, ना चर्चच्या. कुणाला कुठे ठेवलं हे लिहून ठेवायची इथे पद्धतच नव्हती. सगळ्यांना ठाऊकच असायचं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही ठेवून झालं होतं.

"म्हणजे मी घरी जाऊन आईला काय सांगू?" लोरेन म्हणाली. "सापडली नाही म्हणून?" आणि सोड्याच्या पावावर टपटपा आसवं गाळायला लागली.

चुलीवर फादरांच्या जेवणाचा कोबी उतू चालला होता, टेबलाशी ही बाई. डिलियाने कोबी खाली उतरवला.

"चला," ती म्हणाली. "छत्री घ्या."

कबरस्तानाच्या वरच्या कोपऱ्यात एक काटेरी झाड आहे. त्याला कुणी हात लावत नाही, पऱ्यांचं असतं. त्याच्याखाली एक बसका उंचवटा, डोक्याशी शेतातला एक ओबडधोबड दगड, नाव-गाव काही नाही.

"ही," डिलिया म्हणाली.

संध्याकाळी ऊनाने विचारलं, "कुठली दाखवलीस?"

"काटेरी झाडाखालची."

"डिलिया! अगं, ती तुझी आजी! तुझे आईबाप आहेत तिथे!"

"मग? दुसऱ्याची कबर द्यायची म्हणजे चोरी झाली असती. माझी मी दिली. दानच झालं की."

"खोटं बोललीस ते?"

"मी फक्त 'ही' म्हणाले. पुढचं सगळं ती म्हणाली."

ऊना तेव्हा दोन आठवडे बोलली नाही. नदीकाठच्या फाहींसारखी.

पुढच्या उन्हाळ्यात बॉस्टनहून फ्रँक मर्नाह आला. आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झालेला, मनाने मोठा, छातीने कमजोर. त्याची पणजीही ऑनोरा फाही, पण ती वेगळी, तांबड्या पॅटची. आसपासची तीन कबरस्तानं धापा टाकत पालथी घालून तो डिलियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

"चौथ्या कबरस्तानाकडे धाडू त्याला?" डिलिया नंतर म्हणाली. "वाटेत मेला असता."

"म्हणून तीच कबर त्यालाही दिलीस?"

"ती मिलवॉकीला राहते, हा बॉस्टनला. भेटणार कुठे?"

लोरेनने मात्र मिलवॉकीला गेल्यावर गप्प बसायचं कबूल केलं नव्हतं. तिने फादर लोहनना पत्र पाठवून दगड उभारायची परवानगी मागितली. पत्र आलं तेव्हा रेडिओवर मोठी शर्यत चालू होती, आणि फादरांनी न वाचताच सही ठोकली. वसंतात एका शनिवारी डिलिया कात्री घेऊन आपल्या माणसांवरचं गवत कापायला गेली आणि झाडाखाली उभीच राहिली. काळा कुळकुळीत ग्रॅनाइट. सोनेरी अक्षरं. कोपऱ्यात शॅमरॉक या इथल्या मानाच्या रोपाची तीन पानं. 'ऑनोरा फाही. तुझी मुलं तुला विसरली नाहीत.'

तिने गवत कापलं, दगडावरची पाखरांची घाण पुसली आणि ती थेट ऊनाकडे आली.

"दगड देखणा आहे," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, स्कार्फ सोडला. "आता मला कुठे पुरणार गं?"

ऊना हसली आणि मग तिचं हसू मावळलं. किलक्रीव्हनमध्ये माणूस कसं जगलं हे लोक माफ करतात, पण मेल्यावर आपल्या माणसांत जायला हवं. ज्यांना इथे आपलं माणूस नाही त्यांच्यासाठी खालच्या भिंतीलगत नवी जमीन घेतलेली होती. तिथे बँकेचा मॅनेजर होता, एक पोलीस होता, आणि ऊनाने स्वतःची जागा तिथेच सांगून ठेवली होती.

"माझ्या शेजारी ये," ऊना म्हणाली.

"तुझ्या शेजारी? मेल्यावरही माझ्या तारखा तपासत बसशील."

"मग खरं काय ते तिला लिहून टाक."

"काय लिहू? 'बाई, तुमच्या आजीची आई परत करा'? दिलेली पणजी कुणी परत मागतं का?"

त्या वर्षी जुलैत कबरींच्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं. त्या दिवशी कबरस्तानातच मिस्सेची प्रार्थना होते. आठवडाभर आधी गाव विळे-कात्र्या घेऊन राबतं, आणि त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं राहतं; फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका कबरीवरून फिरतात. आपल्या कबरीपाशी उभं न राहणं म्हणजे मेलेल्यांशी भांडण काढणं. कोण कुठे उभं आहे हे प्रार्थना म्हणता म्हणता सगळे बघून घेतात.

डिलिया फाटकाशी उभी राहून गाण्यांचे कागद वाटत होती. गाडी आली. लोरेन उतरली, आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून वर काटेरी झाडाशी घेऊन गेली आणि दोघी जपमाळा काढून उभ्या राहिल्या. डिलियाने कागद वाटणं चालू ठेवलं. मग दुसरी गाडी आली. फ्रँक मर्नाह. डिलियाच्या हातातले कागद खाली पडले.

फ्रँक थांबत थांबत चढला. दगड दिसताच त्याने हॅट काढली. दगडाशी जपमाळ घेऊन उभी असलेली बाई गावातलीच असणार असं समजून त्याने तिचे दोन्ही हात धरले. "माझ्या पणजीसाठी तुम्ही एवढं केलंत! देव तुमचं भलं करो."

"तुमची पणजी?" लोरेन म्हणाली. "ही माझी पणजी आहे."

सगळं कबरस्तान झाडाकडे बघू लागलं. ओठ हलत होते, पण प्रार्थना कुणी म्हणत नव्हतं. फादर लोहन तेवढ्यात तिथवर पोचले होते. बाप्तिस्म्याच्या वह्या त्यांनी आयुष्यात उघडल्या नव्हत्या, पण काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं. त्यांनी नेहमीच्या दुप्पट पाणी उडवलं आणि पुढे सटकले.

लोरेन चेहऱ्यावरचं पाणी पुसत फ्रँककडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई... हे नाक बघ."

म्हातारीने चष्मा चढवला. "माझ्या भावाचं नाक! जोसेफचं!"

"माझ्या धाकट्या बहिणीचंही अस्संच आहे," फ्रँक म्हणाला, आणि तिघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली. ते नाक तुम्हाला सांगते, कुठल्याही बटाट्याला असतं तसं नाक होतं. पण माणसाला नातं हवं असलं की नाकही पुरतं.

फाटकाशी डिलियाने श्वास सोडला. सगळं जिथल्या तिथे झालं होतं. फक्त ती सोडून. आणि नेमकं तेव्हाच मार्टी ब्रॉडरिक, जो आमच्याकडे कबरी खणतो आणि ज्याला गप्प बसायचं कुणी शिकवलं नाही, तो फावड्यावर रेलून ओरडला, "डिलिया! फाटकाशी काय पाहुणीसारखी उभी? आजीशी भांडलीस की काय?"

"मेल्या मार्टी," डिलिया पुटपुटली. पण आता सारं गाव बघत होतं. ती कबरीकबरींमधून वर चढली आणि झाडाखाली येऊन उभी राहिली.

"मिस टॅनियन!" लोरेन म्हणाली. "तुमच्या आजीची कबर कुठली?"

त्या क्षणी डिलियाच्या जिभेवर निदान तीन कबरी तयार असणार. पण पायाखाली सबीना होती, शेजारी आई, बाप आणि लहानपणी गेलेला भाऊ.

"हीच," ती म्हणाली. "माझी सगळी माणसं इथेच आहेत. ही कबर आमची आहे. मी तुम्हाला त्या दिवशी—"

"आमची!" लोरेन किंचाळली. "आई, ऐकलंस? या पण आपल्याच! आणि पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसून चहा पाजला, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत!"

"अहो, तसं नाही. माझं ऐकून तर घ्या—"

"किती लाजतात बघा," फ्रँक म्हणाला आणि तिला मिठीत घेऊन जमिनीपासून उचललं. छाती कमजोर असूनही.

डिलियाने आयुष्यात हजारो यँकांना थापा मारल्या आणि सगळ्या पचल्या. एकदाच खरं बोलायला गेली, तर तिला पुरतं बोलूच दिलं नाही. खालच्या भिंतीशी, नव्या जमिनीत, ऊना मास्तरीण इतकी हसली की तिला खोकल्याचं सोंग आणावं लागलं.

लोरेनच्या आईने जाताना डिलियाचा हात धरला. "दगडावर खाली जागा आहे, पोरी. तुमच्याकडची नावं घाला. तुझ्या वेळी तुझंही."

डिलियाने ते मनावर घेतलं. आजीचं नाव आधी, आईबापांचं नि भावाचं मग, आपलं शेवटी. पाथरवट लॉकरेला आणि गाडी ऊनाकडे, म्हणून दोघी निघाल्या. पहिल्यांदा वाटेत बुटांचा सेल लागला होता. डिलियाने चढवलेले बूट इतके चावले की पाथरवटाकडे न जाता घरी यावं लागलं. दुसऱ्यांदा चौकात एक अमेरिकन नकाशा उलटा धरून उभा होता.

"गाडी थांबव," डिलिया म्हणाली.

"मुळीच नाही."

"चेहरा बघ त्याचा. हा नक्की ताटं फेकणाऱ्यांपैकी आहे." त्या दिवशी त्याच्या पूर्वजांखेरीज कुठलंच काम झालं नाही.

तिसऱ्यांदा त्या पोचल्या. पाथरवट जेवायला गेला होता. गाडीत बसल्या बसल्या ऊनाने कागदावर लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचला. "सबीना टॅनियन, वय वर्षं चौऱ्याहत्तर—"

"सत्त्याऐंशी."

"बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणे चौऱ्याहत्तर."

"पेन्शनप्रमाणे सत्त्याऐंशी. सरकारी पैसे खाल्लेत तिने. दगडावर चौऱ्याहत्तर कोरलंस तर मोठ्या वाऱ्याच्या रात्री बटाटा कुणी खाल्ला?"

"कुणीच खाल्ला नाही! ती जन्मली नव्हती!"

"हळू बोल. लॉकरेत सरकारी कचेरी आहे."

"डिलिया, त्या साहेबाला मरून जमाना झाला!"

"त्याला मुलं नसतील?"

"कुणाच्या तरी खोट्या पणजीच्या दगडावर निदान एक आकडा तरी खरा असू दे!"

"माझ्या आजीला मी चारचौघांत खोटारडी ठरवणार नाही. थापा मी मारते, ती नाही."

पाथरवट तोंड पुसत आला, काचेवर टकटक करून म्हणाला, "बोला बायांनो, काय कोरायचं?"

"काही नाही!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि घरापर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. रविवारी मिस्सेनंतर ठरलं की डिलियाची सर्दी उतरली की पुन्हा जायचं. ती सर्दी उतरली नाही. मार्टीने काटेरी झाडाखाली माती उकरली, डिलियाला तिच्या माणसांत ठेवलं, आणि वर ऑनोरा फाहीचा दगड होता तसाच पुन्हा बसवला. मिलवॉकीहून दर जुलैत फुलं येतात. बॉस्टनहूनही.

हं, आता बोल. कागद अजून गाडीच्या कप्प्यात आहे. नावं सगळी लिहिली आहेत, तुझंही. सबीनाच्या वयाची जागा कोरी आहे. पाथरवट भेटला की विचारतो, कधी येता बाई? मी काल नव्या फादरांकडून किल्ली घेऊन बाप्तिस्म्याची वही पुन्हा उघडून पाहिली.

चौऱ्याहत्तर, डिलिया.